गाडीला लाइट पट्टी लावायची? आधी कायदा, मग वायरिंग, मग नाद

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'एलईडी पट्टी लावली तर पोलीस धरतात का', आणि त्याचं खरं उत्तर असं की धरतीलच असं नाही, पण धरलं तर तुमच्याकडं बोलायला काही नसतं. संध्याकाळी आपल्या कोल्हापुरात रंकाळ्यावर एक चक्कर टाका, निळी, जांभळी, हिरवी, पळती लाइट, इंजिनाखालनं लाल उजेड पाडणारी, सगळ्या जातीच्या गाड्या दिसतील, आणि त्यातल्या निम्म्या पोरांना वाटत असतं की दुकानात उघड विकतात म्हणजे चालत असणार. दुकानात विकणं वेगळं आणि ती लावून रस्त्यावर फिरणं वेगळं. दुकानदार बिल देतो, तुमचं चलन तो भरत नाही.

म्हणून पहिल्यांदा कायदा सांगतो, कंटाळा आला तरी वाचा, कारण कुठली लाइट कुठं लावायची हे सगळं त्याच्यावरच ठरतं.

मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम ५२ म्हणतं की आरसीवर गाडीची जी माहिती आहे आणि कंपनीनं गाडी जशी मंजूर करून घेतली आहे त्याच्याशी मेळ बसणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच धरून ठेवलं की कंपनीच्या मूळ नमुन्यापासून हटेल असा बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ अ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात परवानगी नसलेले पार्ट बसवून गाडी बदलणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, असं आहे. 'प्रत्येक बदलामागं' हे शब्द नीट वाचा. खालची पट्टी एक, मागची फ्लॅशर दुसरी, हँडलवरची जास्तीची लाइट तिसरी, असं मोजायची मुभा त्यात आहे. किरकोळ समजून कलम १७७ लावलं तर पहिल्या वेळी ५०० पर्यंत आणि पुढच्या वेळी १,५०० पर्यंत. आपल्या महाराष्ट्रात हे वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागले, त्यामुळं 'मागं दोनशेत भागलं होतं' हा हिशोब आता विसरा.

आता लाइटचे नियम. हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १०५ पासून पुढं येतात आणि कायद्याच्या भाषेतून सोडवून बघितले तर अगदी सोपे आहेत.

पुढं लाल दिसायचा नाही आणि मागं लाल सोडून दुसरं काही दिसायचं नाही. हा नियम १०८. मागच्या बाजूला सूट कुणाला, तर इंडिकेटरच्या पिवळ्याला, नंबर प्लेटवर पडणाऱ्या पांढऱ्याला आणि चारचाकीच्या रिव्हर्स लाइटला. म्हणजे मडगार्डखाली लावलेली हिरवी पट्टी मागनं दिसली की चूक, आणि हेडलाइटच्या काचेत लावलेले ते लाल 'राक्षस डोळे' समोरनं दिसले की चूक. लाल-निळी-पांढरी अशी मिसळ लाइट तर फक्त आपत्कालीन सेवेच्या गाड्यांची आहे. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा गेले, मग आपल्या स्प्लेंडरवर लाल-निळा फ्लॅशर कुठल्या तोंडानं मागायचा?

नियम १११, स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट आरटीओच्या आधीच्या परवानगीशिवाय लावायची नाही. क्रॅशगार्डवर लावतात ते छोटे चौकोनी 'फॉग' म्हणून विकले जाणारे लाइट असतात ना, त्यातले बरेचसे खरं तर स्पॉटच असतात, नाव काही का असेना.

नंबर प्लेटवर पांढरा उजेड आणि तो असा की १५ मीटरवरनं नंबर वाचता आला पाहिजे. प्लेटच्या चारी बाजूनं निळी पट्टी मारली की रात्री फक्त निळं चौकट दिसतं, नंबर गायब. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीतनंच येते, जुन्या गाड्यांनाही आता तीच सक्तीची आहे, तिच्याभोवती काहीही चिकटवू नका.

आणि एक गैरसमज काढून टाकू. यूट्यूबवर अमेरिकेतला कुणीतरी सांगतो की अंडरग्लो, म्हणजे गाडीखालनं पडणारा रंगीत उजेड, लीगल आहे, फक्त लाल-निळं नको आणि ब्लिंक नको. तिथं प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, त्याच्या राज्यात ते बरोबर असेल. तुमच्या गाडीवर एमएच ०९ आहे, कोल्हापूरचा नंबर.

मग लावायचीच नाही का? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. रस्त्यावर चालू असलेली रंगीत सजावट ही कायद्यात कुठंच बसत नाही, आणि बंद असली तरी बसवलेली आहे म्हणजे बदल आहेच, हे डोक्यात ठेवूनच ज्याला करायचं त्यानं करावं. ज्याची गाडी शोमध्ये उभी राहते, ज्याला स्वतःच्या अंगणात, गॅरेजात, फोटोसाठी लावायची आहे, त्याचं वेगळं. रस्त्यावर मात्र बंद, आणि बंद म्हणजे चावी लावली तरी आपोआप लागणार नाही अशी बंद, वेगळ्या बटणावर.

आता कायदा बाजूला ठेवू, कारण माझ्या दृष्टीनं त्याच्यापेक्षा मोठा मुद्दा हा आहे की ही लाइट दुसऱ्याच्या डोळ्याला काय करते.

मागनं येणाऱ्या माणसाला तुमच्या गाडीकडनं एकच गोष्ट पाहिजे असते, तुम्ही ब्रेक मारला का. टेललाइट मंद लाल, ब्रेक दाबला की झगझगीत लाल, त्या फरकावर तो पाय उचलतो. आता शेपटीखाली तुम्ही कायम पेटलेली झगझगीत लाल पट्टी मारली, रंग नियमात आहे, लाल आहे, पण ब्रेक लागला तरी मागच्याला फरकच कळत नाही. पिवळी पट्टी इंडिकेटरशेजारी मारली की इंडिकेटर त्यात बुडतो, तीच गोष्ट. त्यात जर ती लुकलुकणारी असेल तर विषयच संपला. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो, आपल्या डोक्यात त्या लयीचा अर्थ 'हा वळतोय' असा बसलेला आहे, मग दुसरं काहीही लुकलुकलं की समोरचा अंदाज चुकवतो. जाता जाता, पावसात चारही इंडिकेटर लावून घाट उतरणारे जे शहाणे आहेत त्यांनाही हेच सांगणं आहे, वळणावर तुम्ही कुठं जाणार हे मागच्याला कळत नाही, साधा हेडलाइट लो वर ठेवा आणि आपल्या बाजूनं चला.

दुसरी बाजू तुमच्या स्वतःच्या डोळ्याची. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि टाकीवर, हँडलवर, मीटरशेजारी पट्टी मारली की तिचा उजेड सतत डोळ्यात आणि हेल्मेटच्या काचेवर येत राहतो. पावसाचे थेंब असलेल्या काचेवर निळा उजेड तर असा पसरतो की समोरचा खड्डा दिसत नाही. गगनबावड्याच्या, आंबोलीच्या, पन्हाळ्याच्या धुक्यात हे करून बघू नका. बसल्या जागेवरनं एलईडीचा ठिपका थेट दिसत असेल तर ती जागा चुकीची, मग कितीही भारी दिसू दे.

आणि आपल्याकडं रात्रीचा खरा धोका काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरला पुढं मांडवासारखी लाइटिंग आणि जोरात गाणी, आणि मागच्या ट्रॉलीला साधा रिफ्लेक्टर नाही. ती ट्रॉली बंद पडून रस्त्याच्या कडेला उभी असली तर तुम्हाला वाचवणार फक्त तुमचा हेडलाइट. त्याच्यावर पैसे घाला. काच पिवळी पडली असेल तर बदला, बल्ब जुना झाला असेल तर कंपनीच्याच वॅटचा नवीन घाला, हेडलाइटची उंची लावून घ्या. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये बाजारातला एलईडी बल्ब कोंबू नका, कारण रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो, एलईडीचे ठिपके त्या जागेवर येत नाहीत आणि उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी झाडावर आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. तुम्हाला मात्र वाटतं लई पांढरा पडलाय.

हेडलाइट समोरच्याला लागतो का हे घरी बघता येतं आणि माप नियमातच दिलेलं आहे, नियम १०६. गाडी सपाट जागेवर स्टँडवरनं काढून सरळ उभी करा, मित्राला वर बसवा, कारण माणूस बसला की मागचं टोक खाली जातं आणि हेडलाइट वर बघायला लागतो. हेडलाइटपासून टेपनं ८ मीटर पुढं मोजा, तिथनं लाइटच्या उजव्या बाजूला, म्हणजे गाडीवर बसलेल्याच्या उजवीकडं, अर्धा मीटर सरका, आणि डोळे जमिनीपासून दीड मीटरवर येतील असे उभे राहा किंवा थोडे वाका. लो बीमवर डोळे दिपले तर हेडलाइट खाली घ्यायचा. बऱ्याच गाड्यांना हेडलाइटखाली एक स्क्रू किंवा बाजूला दोन बोल्ट असतात, तेवढ्यानं होतं. हीच चाचणी पुढनं दिसणाऱ्या कुठल्याही जास्तीच्या लाइटला लावा. नापास झाली की काढायची.

आता वायरिंग. इथं जरा जास्त बोलणार आहे, कारण गाड्या जळतात त्या इथंच.

पहिली गोष्ट, घरातली, मांडवातली, टीव्हीमागची पट्टी गाडीला लावू नका. पट्टीवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून लोक लावतात. पट्टी हातात घेऊन जवळनं बघा, दर तीन एलईडीनंतर कापायची खूण असते आणि मध्ये काळे बारीक रेझिस्टर असतात, त्यावर बऱ्याचदा १५१ असं छापलेलं असतं, म्हणजे १५० ओहम. तीन पांढरे किंवा निळे एलईडी ओळीत मिळून साधारण साडेनऊ व्होल्ट खातात, उरलेले अडीचएक व्होल्ट तो रेझिस्टर खातो आणि सगळं गणित नीट बसतं. पण गाडी चालू असताना चार्जिंग १४ व्होल्टच्या वर असतं, म्हणजे रेझिस्टरवर अडीचच्या ऐवजी साडेचार-पावणेपाच व्होल्ट येतात, आणि करंट जवळजवळ दुप्पट. म्हणून ती पट्टी पहिले चार दिवस लई भारी उजेड पाडते आणि मग एकेक तुकडा मरायला लागतो, किंवा तापून चिकटपट्टी सोडते आणि लोंबत साखळीत जाते. गाडीसाठी म्हणून बनवलेली, व्होल्टेज सांभाळणारा ड्रायव्हर असलेलीच घ्या, महाग पडली तरी.

बॅटरीचा अंदाज घ्या. १००-१२५ सीसीच्या गाड्यांची बॅटरी ३ ते ५ एएचच्या आसपास असते, एएच म्हणजे अँपिअर-तास, किती अँपिअर किती तास पुरतील त्याचं माप. १० वॅटची पट्टी म्हणजे पाऊण-एक अँपिअर. कागदावर ३ एएचची बॅटरी साडेतीन तास चालेल असं दिसतं, पण त्याच्या कितीतरी आधी सेल्फ मान टाकतो. इंजिन बंद ठेवून लाइटिंग दाखवत गप्पा मारत बसायचं आणि मग किका मारत बसायच्या, हे दृश्य नवीन नाही. नवीन बऱ्याच गाड्यांना तर किकच नाही, मग ढकला आता.

याच्यापेक्षा चोरटा प्रकार म्हणजे रिमोटवाली किंवा मोबाइलवरनं रंग बदलणारी पट्टी. ती बंद केली तरी तिचा डबा जागाच असतो, तुमच्या रिमोटची वाट बघत थोडा थोडा करंट ओढत असतो. समजा २० मिलिअँपिअर, ऐकायला काहीच नाही, पण चोवीस तासाला जवळजवळ अर्धा एएच होतो, आणि ३ एएचची बॅटरी गाडी चार दिवस उभी राहिली तर अर्ध्याच्या खाली जाते. गावाला जाऊन आला, गाडी चालूच होईना, दोष बॅटरीवाल्याला. म्हणून थेट बॅटरीवरनं कायमची लाइन द्यायची नाही, चावी बंद म्हणजे डबापण बंद.

जोडणी अशी. बॅटरीच्या प्लसवरनं वायर, आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. फ्यूज लांब पट्टीजवळ लावून उपयोग नाही, कारण मधली वायर कुठं सीटखाली घासून बॉडीला लागली तर फ्यूज उडणारच नाही, वायरच जळणार. १०-१५ वॅटला २ किंवा ३ अँपिअरचा पुरे, पात्याच्या फ्यूजमध्ये २ चा करडा आणि ३ चा जांभळा येतो. उडतोय म्हणून १५ चा निळा घालायचा नाही, उडतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय. फ्यूजनंतर रिले, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठी लाइन चालू-बंद करणारी डबी. रिलेच्या बुडाला आकडे असतात, ३० ला फ्यूजवरनं आलेली वायर, ८७ वरनं पट्टीकडं, ८५ अर्थला, आणि ८६ ला चावी लावल्यावर करंट येणारी लाइन, तिच्या मध्ये तुमचं वेगळं बटण. म्हणजे चावी आणि बटण दोन्ही चालू तेव्हाच लाइट. इतक्या कमी वॅटला रिले नसला तरी चालतं असं कुणी मेकॅनिक म्हणेल, चूक नाही त्याचं, पण रिले असला की गाडीच्या मूळ वायरिंगवर ओझं येत नाही, आणि उद्या काढायचं झालं तर सगळं एकत्र निघतं.

मूळ वायर ब्लेडनं सोलून त्याला पीळ मारून वर काळी टेप, हे अजिबात नको. पहिल्या पावसाळ्यात टेप सुटते, तांबं हिरवं पडतं आणि मग कधी इंडिकेटर बंद, कधी हॉर्न बंद. कपलर लावा किंवा सोल्डर करून वर हीट श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, चढवा. २०२० नंतरच्या बीएस सहा गाडीत तर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, आणि सेन्सरच्या वायरी शेजारीशेजारी जातात, फिटरनं घाईत भलत्याच वायरला कट मारला की मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा, आणि सर्व्हिस सेंटरवाला ते पीळ मारलेलं बघून वॉरंटीला हात वर करतो. गाडी वॉरंटीत असेल तर मी म्हणेन थांबा, संपू दे. इन्शुरन्स कंपनीलाही जास्तीचं काय लावलं ते कळवावं लागतं. न कळवता लावलं आणि उद्या वायरिंगनं गाडी पेटली तर सर्व्हेअर पहिल्यांदा तीच पट्टी बघणार.

वायर कुठनं न्यायची हेही महत्त्वाचं. बेंड पाइप, इंजिनाच्या पात्या, सायलेन्सर यांच्यापासून लांब. ब्रेकच्या नळीला किंवा क्लच केबलला झिप टायनं बांधायची नाही, लोक सर्रास बांधतात. हँडलच्या गळ्याजवळ वायरीला थोडी सैल ठेवा, हँडल पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं वळवून बघा की ताण येतोय का, चिमटा बसतोय का. मागं स्विंग आर्मजवळ, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याजवळ, असेल तर दोघं बसून गाडी दाबून बघा, टायर वर येतो तेव्हा पट्टीला लागतो का. चाकातल्या लाइटला माझा सरळ नकार आहे. आरीभोवती गुंडाळलेली तार सुटली तर ती पुढच्या चाकात कुठं अडकेल सांगता येत नाही, आणि व्हॉल्व्हच्या टोपीवर लावायचे ते लुकलुकणारे दिवे जड असतात, वेगात रबराच्या व्हॉल्व्हला ओढ बसून हवा जायला लागते. पन्नास रुपयाच्या चमकीसाठी पुढचा टायर खाली, काही गरज नाही.

पावसाचं वेगळं सांगायला नको, आपल्याकडं जूनला सुरू झाला की पंचगंगा पात्राबाहेर पडेपर्यंत थांबत नाही. पाकिटावर आयपी ६७ लिहिलेलं बघा, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, पण ते सीलबंद पट्टीला लागू असतं. तुम्ही ती मधनं कापली की ते टोक उघडं, पाणी तिथनंच आत जातं. कापलेल्या टोकाला सिलिकॉन भरून टोपी लावा आणि रात्रभर वाळू द्या. चिकटवायच्या आधी जागा आधी साबणानं आणि मग स्पिरिटनं पुसून घ्या, पॉलिश मारलेल्या फायबरवर काही चिकटत नाही. आणि वॉशिंग सेंटरला प्रेशरचा फवारा थेट पट्टीवर मारू नको म्हणून सांगा, तो ऐकेल असं नाही, पण सांगा.

सगळं झालं की मल्टिमीटर घ्या, नसेल तर मेकॅनिककडं असतो. इंजिन चालू, हेडलाइट चालू, पट्टी चालू, थोडा रेस दिलेला, बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये दिसलं पाहिजे. पट्टी लावली की ते तेराच्या खाली घसरत असेल तर चार्जिंगला झेपत नाही, पट्टी कमी करा. मग चावी बंद करून बॅटरीची मायनस वायर काढा, मीटर मिलिअँपिअरवर ठेवून ती वायर आणि बॅटरीचं मायनस टोक यांच्या मध्ये लावा. पट्टी बसवायच्या आधी जेवढा करंट होता तेवढाच आता दिसला पाहिजे, जास्त दिसला तर काहीतरी जागं आहे. शेवटी अंधारात गाडी उभी करून वीस-पंचवीस पावलं मागं जा, मित्राला ब्रेक दाबायला सांगा, इंडिकेटर द्यायला सांगा. फरक पटकन कळला नाही तर जी लाइट आड येतेय ती काढा.

पोलिसांनी थांबवलं तर. ताराराणी चौकात असो नाहीतर दसरा चौकात, 'बंदच आहे की साहेब' आणि 'सगळेच लावतात' या दोन वाक्यांचा काही उपयोग नाही. डिजिलॉकरमधनं लायसन्स, आरसी दाखवा, ते चालतं. चलन झालं तर त्यावर कुठलं कलम लावलंय ते वाचा, कारण १७७ आणि १८२ अ मध्ये पैशाचा किती फरक आहे ते वर सांगितलंच. पटत नसेल तर कोर्टात मांडता येतं, चौकात भांडून कमी होत नाही.

ज्याला फक्त रात्री गाडी उठून दिसायला पाहिजे त्याच्यासाठी माझ्याकडं एक स्वस्त उपाय आहे आणि तो फार कुणी करत नाही, रिफ्लेक्टर टेप. चांगल्या कंपनीची घ्या, मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. रिमच्या कडेनं बारीक पट्टी, साइड बॉक्स असेल तर त्याच्या कडा, हेल्मेटच्या मागं एक तुकडा. वायर नाही, बॅटरी नाही, पावसाची भीती नाही, समोरच्याचा हेडलाइट पडला की चाकाचा पूर्ण गोल उजळतो आणि गाडी उभी असली तरी दिसते. शिरोलीच्या एमआयडीसीतनं रात्रपाळी करून हायवेनं परत येणाऱ्यांनी तर हे कराच. आडव्या रस्त्यावरनं येणाऱ्याला बाजूनं मोटारसायकल दिसतच नाही, तिथं ही टेप निळ्या पट्टीपेक्षा जास्त काम करते. चिकटवताना कंपनीचा मागचा लाल रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट झाकायची नाही, एवढंच.

सणाचं म्हणाल तर खंडेनवमीला गाडीची पूजा होते, हार घातला जातो, काहीजण बॅटरीच्या सेलवरची माळपण गुंडाळतात. दारात उभ्या गाडीला खुशाल गुंडाळा. पण तीच गाडी घेऊन जोतिबाला निघताना माळ काढा, आणि झेंडूचा हार हेडलाइट-इंडिकेटरवरनं वर सरकवा. हार तुटून पुढच्या चाकात जातो तेव्हा देव आठवायलाही वेळ मिळत नाही.

आणि काढायची वेळ येतेच. गाडी विकताना येते, पंधरा वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करायला गाडी पासिंगला न्यायची असते तेव्हा येते, कारण तिथं गाडी कंपनीनं दिली तशी बघतात. पट्टी नुसती ओढली तर डिंक राहतो आणि जुन्या फायबरवरचा रंगही निघतो, म्हणून केस वाळवायच्या मशीननं कोमट करा, एका टोकाकडनं हळूहळू सोलत या, राहिलेला डिंक रॉकेलच्या फडक्यानं पुसा आणि लगेच साबणाच्या पाण्यानं धुवा. रिले आणि फ्यूजसकट सगळी वायर बाहेर काढा, नुसतं टोक कापून आत लोंबतं सोडू नका, त्या टोकात करंट असतो. मूळ कपलर जिथले तिथं बसले का बघा, हेडलाइट, ब्रेक, चारी इंडिकेटर, हॉर्न, नंबर प्लेटची लाइट एकेक लावून बघा, आणि मग गाडी आरटीओला न्या.